बिनखुणेचं चाक

लिफ्टचं दार मिटलं आणि मागून कोणीतरी म्हणालं, "इथे काहीतरी नासलंय का?"

प्रश्न कोणाला उद्देशून नव्हता. बंद लिफ्टमध्ये माणसं हवेशी बोलतात, तसा तो हवेलाच विचारलेला होता. बाकीच्यांनी आधी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, मग दुसऱ्यांच्या. एकीने आपल्या डब्याची पिशवी नाकापाशी नेऊन पाहिली आणि निर्धास्त होऊन पुन्हा खाली सोडली. दाराला लागून उभी असलेली ती मात्र वरच्या बदलत्या आकड्यांकडे बघत राहिली, कारण तिला कळलं होतं. वास तिच्या हातांना येत होता. निघण्यापूर्वी तिने ते साबणाने धुतले होते, लिंबाची फोड चोळली होती, तरी नखांच्या कडेला आणि बोटांच्या पेरांत तो बसून होता: ओल्या पोत्यासारखा, तळघरासारखा, थोडासा मोज्यांसारखाही, आणि या सगळ्याच्या खाली कुठेतरी गोडसर, दूध उतू गेल्यावर शेगडीभोवती रेंगाळतो तसा. तिने हात कोटाच्या खिशात घातले. खिशात हात घालताक्षणी तिला बाबा दिसले, तिच्या भाड्याच्या घराच्या उंबऱ्यात उभे, दोन्ही हात खिशात खुपसलेले, "आधी मोरी दाखव, मग या म्हण" असं सांगणारे. लिफ्ट थांबली. उतरताना तिला वाटलं, हा त्यांचाच वास आहे. ते गेले आणि वास तेवढा इकडे राहायला आला. दुसरी गोष्ट सुचली ती खुर्चीत बसल्यावर, आणि ती पहिलीइतकी सुखाची नव्हती. त्या माणसाने 'वास येतोय' म्हटलं नव्हतं. 'नासलंय' म्हटलं होतं.

तिचं काम माहितीपत्रकांचं होतं. मिक्सरच्या, पंख्याच्या, कपडे धुण्याच्या यंत्राच्या खोक्यात सगळ्यात वर असतं आणि सगळ्यात आधी फेकलं जातं, ते पत्रक ती लिहायची. पायरी पहिली: झाकण उघडा. पायरी दुसरी: झाकण नीट बसल्याची खात्री करा. इतकी वर्षं ती हे लिहीत होती की घरी पाहुण्याला चहा देतानाही तिच्या मनात क्रम उमटायचा. त्या दिवशी तिला एका पाणी गाळण्याच्या यंत्राच्या सूचना तपासायच्या होत्या, पण एकेका वाक्यापाशी तिचं बोट थांबायचं आणि नाकाकडे जायचं. नासलं असेल का? घरी, खालच्या खोलीत, फळीवर एकटंच ठेवलेलं ते चीजचं चाक, बाबांच्या हातचं शेवटचं, रोज सकाळी ती उलटत होती, पुसत होती, आणि रोज त्याला वास येतच होता; येणारच. पण पिकण्याचा वास कुठे संपतो आणि नासण्याचा कुठे सुरू होतो हे बाबांना कळायचं. तिला कळत नव्हतं. शेजारच्या टेबलावरची बाई मधल्या सुट्टीत नव्या जॅमची बाटली उघडून सगळ्यांना चाखवत होती. तिला हल्ली हातच्या वस्तूंचा नाद लागला होता. खाकी कागद, सुतळीची गाठ, वर चिठ्ठी: प्रेमाने बनवलेलं. एकदा त्या बाईने दिलेली अशीच एक बाटली तिने बाबांना नेऊन दाखवली होती. बाबांनी चिठ्ठी वाचली, बाटली उलटीसुलटी केली आणि म्हणाले होते की प्रेमाने बनवलं असेल तर फळं कुठे गेली. आमचं तर बुवा दुधाने बनतं. कॅन्टीनमधून आलेल्या पावात चीजची पिवळी चौकोनी स्लाइस होती. कोपरे सरळ, कागदातून सुटल्यावरही कागदासारखीच. तिने ती चावली. चव वाईट नव्हती. ती चव कोणाचीच नव्हती, एवढंच.

बाबा पाणीखात्यात गळती शोधायचे. जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय हे वरून दिसत नाही, म्हणून रस्त्यावर गाड्या नसताना, अगदी पहाटे, लोखंडी कांडीचं एक टोक जमिनीतल्या झडपेवर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. लहानपणी एकदा हट्टाने ती त्यांच्याबरोबर गेली होती. गार लोखंड कानाला लागल्यावर अंगावर काटा आला होता. काय ऐकू येतंय, त्यांनी विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली. मग बरा आहे, बाबा म्हणाले, गळत असता तर बोलला असता. जन्मभर अशी जमीन ऐकून ते निवृत्त झाले, महिनाभर घरातले नळ ऐकत हिंडले, आणि मग एक दिवस गल्लीच्या बाजूची खालची खोली त्यांनी रिकामी केली, फळ्या ठोकल्या आणि चीज करायला लागले. कुठे शिकले, विचारलं तर म्हणायचे, नासवत नासवत. शहराच्या कडेला राहणारी एक दूधवाली सकाळी कॅन आणायची. दूध कोमट करायचं, त्यात दूध गोठवणारे थेंब घालायचे, घट्ट झालेली ती थरथरती लादी तारेने कापायची, पाणी निथळायचं, साच्यात भरून दाबाखाली ठेवायचं, मग मिठाच्या पाण्यात बुडवून फळीवर. पुढचे कितीतरी महिने नुसतं उलटायचं आणि वाट बघायची. भेटेल त्याला ते सांगायचे, बघा, अखेर कष्टांचं चीज झालं. हा विनोद त्यांनी इतक्या वेळा केला की गल्लीतली माणसं तो त्यांच्याआधीच करून मोकळी व्हायची.

विकण्याची त्यांची तऱ्हाही कोणाला पटण्यासारखी नव्हती. तयार चीज मागायला खिडकीशी आलेल्याला ते परत पाठवायचे. ज्याला हवं असेल त्याने चाक साच्यातून निघायच्या दिवशी यायचं, ते मऊ असताना त्यावर आपली एखादी वस्तू दाबून खूण करायची, आणि मग ते पिकेपर्यंत आठवड्यातून एकदा येऊन स्वतःच्या हाताने उलटायचं. मधल्या दिवसांचं बाबा बघायचे. मी विकत नाही, पोसायला देतो, असं त्यांचं म्हणणं. एवढी कटकट कोण सोसणार, असं तिला वाटलं होतं, पण माणसं यायची. कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टर यायचा, बाबा त्याला दाढवाला म्हणायचे. त्याने तोंडात घालायच्या छोट्या आरशाची पाठ दाबून गोल उमटवला होता. मैदानात पंचाचं काम करणारा एकजण यायचा, त्याचं नाव शिट्टी पडलं होतं आणि त्याची खूणही तीच. एक शिंपीण होती, तिच्या बोटावर चढवायच्या अंगुस्तानाचे ठिपके चाकाच्या कडेने नक्षीसारखे दिसायचे. एकदा बाबांना भेटायला आली असताना तिने दाढवाल्याला विचारलं होतं की दुकानात पाच मिनिटांत मिळतं त्याच्यासाठी एवढ्या खेपा का. त्याने बराच विचार केला आणि सांगितलं की दिवसभर माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस सुटका कधी होते याची वाट बघत असतो. इथे असं एक तरी कोणी आहे ज्याला माझ्या हातून सुटायची घाई नाही. मग ओशाळून हसला आणि म्हणाला, शिवाय लागतंही बरं.

आईने मात्र त्या चीजचा एक कणही कधी तोंडात घातला नव्हता. वासानेच पोट भरतं, म्हणायची. बाबा वर यायच्या आधी जिन्याच्या तोंडाशी साबण आणि टॉवेल ठेवलेला असायचा, आणि तरी जेवताना ती आपलं ताट दोन बोटं पलीकडे सरकवून घ्यायची. त्या खोलीत माणसापेक्षा बुरशीचा मान जास्त, असं ती आल्यागेल्याला ऐकवायची. एकदा, बाबा चाकाला कान लावून वाकलेल्या बोटाने त्यावर टकटक करत होते, पिकलंय का ते ऐकत होते, तेव्हा आई दारात उभी होती. ती शिंपिणीला म्हणाली, "यांचं तारुण्य गेलं नळाला कान लावण्यात, आणि म्हातारपण याला लावण्यात. मधे मी बोलत होते." शिंपीण हसली, बाबाही हसले. ते वाक्य तिला कामाच्या टेबलावर, पाण्याच्या यंत्राच्या चौथ्या पायरीपाशी आठवलं आणि आज त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

हिवाळ्यात बाबा गेले. आदल्या रात्री जेवले, पाणी प्यायले, झोपले. सकाळी उठले नाहीत. ती एक बॅग घेऊन आली ती परत गेलीच नाही. कपडे अजून बॅगेतच घडी करून ठेवत होती, एवढंच. त्यानंतर फळ्या एकेक करून रिकाम्या झाल्या. ज्याचं चाक पिकत गेलं तो आला, खूण बघून आपलं उचललं, तिथेच कापून एक फोड घरासाठी ठेवली, दोन शब्द बोलायचे म्हणून बोलला आणि गेला. शिट्टी नुसताच चाक काखेत मारून उभा राहिला, चेंडू घेऊन मैदानाबाहेर निघाल्यासारखा. सगळ्यात वरच्या फळीवरचं एक मात्र न्यायला कोणी आलं नाही. त्यावर खूणच नव्हती. तिने ते विजेरी धरून पाहिलं, कडेने बोट फिरवलं, खालची बाजू वर करून पाहिली. काही नाही, गुळगुळीत. फार पुस्तकं वाचलेल्या माणसाला बिनखुणेची गोष्ट सहन होत नाही. ते त्यांनी कोणासाठी ठेवलं होतं? आईसाठी, की कधीतरी तीही चाखेल म्हणून? की तिच्यासाठी, आणि खूण करायला बोलवायचं राहून गेलं? फोनवर त्यांनी तसं काही सुचवलं होतं का, आणि ती तेव्हा दुसऱ्याच कामात होती का? आठवून आठवून तिने शेवटचे सगळे फोन झिजवले. आणि रोज सकाळी ती खाली जाऊन ते चाक उलटत राहिली, मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसत राहिली. बाबांनी तिला एकदा सांगितलेलं तेवढंच नेमकं लक्षात होतं, पुसायचं. पुसताना हाताला गार लागायचं, मग हळूहळू चाक हाताच्या उबेला यायचं. मग ती बोटाने टकटक करून कान लावायची. स्वतःच्याच बोटाचा आवाज ऐकू यायचा. पिकलेलं थांबत नाही, बाबा म्हणायचे. वेळेत कापलं नाही तर कडू होतं, मग फेकण्यापलीकडे काही उरत नाही. हे तिला माहीत होतं. पण कापलं की संपलं, हेही तिला माहीत होतं. न कापलेलं चाक म्हणजे बाबांनी सुरू केलेलं एक काम अजून चालू होतं.

ती डोकं दुखतंय सांगून दुपारीच निघाली. घरी येऊन कोटही न काढता थेट खालच्या खोलीत गेली. गल्लीकडची खिडकी बंद होती, फटीतून उन्हाची एक पट्टी रिकाम्या फळ्यांवर पडली होती, आणि सकाळी तिने घाईत पाहिलं नव्हतं ते त्या पट्टीत दिसलं. चाकाच्या वरच्या बाजूला, मधोमध नाही, जरा कडेला, एक चीर होती, केसाइतकी बारीक, आणि तिच्या काठाला निळसर हिरवं काहीतरी आत शिरलं होतं. साल हाताला चिकट लागत होती. तिने चाक खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्या खोलीकडे, चाक सोडून उरलेल्या खोलीकडे पाहिलं. बादलीत फडकं होतं, कायम ओलं. आणि त्याच्या वर, खिळ्याला, एक ब्रश लटकत होता, ताठ केसांचा, कोरडा, त्याच्या केसांत कोळ्याने जाळं विणलेलं. तो ब्रश बाबांच्या हातात तिने कितीदा पाहिला होता. चाक जुनं झालं की ते फडकं बाजूला ठेवायचे आणि या ब्रशने नुसतं झाडायचे, आणि मग तेही करायचे नाहीत, आठवडाच्या आठवडा हात लावायचे नाहीत. ती पहिली पायरीच गिरवत राहिली होती. नव्या चाकाला करायचं ते जुन्याला करत होती. साल कधी वाळूच दिली नव्हती. जन्मभर लोकांना पायऱ्या लिहून देणाऱ्या बाईने एकच पायरी इतके दिवस घासली होती, आणि तिला सगळा वेळ वाटत होतं की आपण जपतोय.

जिन्यावरून चपलांचा आवाज आला. आई दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली, नेहमीसारखी, पदर नाकाशी.

"लवकर आलीस."

"चीर पडलीय, आई."

आईने लांबूनच मान तिरकी करून पाहिलं. "मग काप."

"शेवटचं आहे."

"मग काय लोणचं घालणार आहेस त्याचं?" आई म्हणाली. मग जरा थांबून, वेगळ्या आवाजात, तिने विचारलं की जेवलीस का, आणि उत्तराची वाट न बघता वर गेली.

कोट तसाच अंगात ठेवून तिने बस पकडली. दूधवालीला विचारावं असं तिच्या मनात बरेच दिवस होतं, पण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून ती टाळत आली होती. शेवटच्या थांब्यानंतर डांबर संपून मातीचा रस्ता लागतो, तिथे पत्र्याच्या छपराखाली गाई बांधलेल्या होत्या. दूधवाली तिच्याच वयाची, दंडापर्यंत बाह्या दुमडलेली, बादल्या धुऊन उलट्या मांडत होती. तिने ताई म्हणून हाक मारली, बसायला एक कॅनच उपडा करून दिला, आणि विचारायच्या आधीच सांगायला लागली की आता सगळं दूध टँकरला घालते. टँकर रोज येतो, नळी लावतो, घेऊन जातो, भांडण नाही, खळखळ नाही. पण त्यात आधीच वीस गोठ्यांचं दूध असतं. काका कसे, कॅन उघडला की बोट बुडवून चाखायचे आणि विचारायचे, तुटक्या शिंगाचीने काल काय खाल्लं गं? चारा बदलला की त्यांना कळायचं. "एवढी चौकशी माझ्या नवऱ्याने माझी कधी केली नाही," ती म्हणाली आणि तुटक्या शिंगाच्या गाईने आपलं नाव निघाल्यासारखी मान वळवली. टँकरवाला चांगला आहे, पण त्याला माझ्या गाईंचं दूध म्हणजे काय ते सांगता यायचं नाही. मलाही आता सांगता यायचं नाही. शहरात कोणीतरी पीत असेल. गार वाऱ्यात शेणाचा, ओल्या गवताचा वास होता, आणि तिला एकदम जाणवलं की या वासापैकी थोडा तिच्या बोटांत रोज असतो. तो बाबांचा म्हणून ती जपत होती, त्यात ही गायही होती.

मग तिने विचारलं. वरच्या फळीवर एक चाक आहे, त्याच्यावर खूण नाही. ते बाबांनी कोणासाठी केलं होतं, तुम्हाला काही बोलले होते का.

दूधवाली हातातली बादली खाली ठेवून आठवायला लागली. मग तिच्या चेहऱ्यावर ते आलं. काका गेले त्या सकाळी ती नेहमीसारखी कॅन घेऊन आली होती, आणि पाहते तर दारात चपलाच चपला. दुधाचं काय करायचं ते कळेना, म्हणून ती खालच्या खोलीत गेली. आदल्या संध्याकाळी भरलेला साचा तसाच दाबाखाली होता. "मला त्यातलं काही कळत नाही, ताई. मी खातसुद्धा नाही ते. पण काका सकाळी काढायचे हे बघितलेलं होतं. म्हटलं, राहिलं तर वाया जाईल. काढलं, मिठाच्या पाण्यात सोडलं, हात धुतले आणि वर येऊन काकूंजवळ बसले. दोन दिवसांनी येऊन फळीवर ठेवलं."

"आणि खूण?"

"खूण कोण करणार? सगळे रडत होते."

"पण केलं कोणासाठी होतं?"

दूधवालीला प्रश्न कळला नाही. तिने तिच्याकडे जरा काळजीने पाहिलं, ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं. "कोणासाठी म्हणजे?" ती म्हणाली. "आदल्या दिवशी दूध आलं होतं ना."

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली आणि काचेला डोकं टेकवून ती बसली. काच थरथरत होती. इंजिनाचा आवाज हाडांतून कानात येत होता, त्या लोखंडी कांडीतून यायला हवा होता तसा. दूध आलं होतं. म्हणजे त्या चाकात तिच्यासाठी काही नव्हतं, आईसाठी नव्हतं, निरोप नव्हता, राहून गेलेलं बोलावणं नव्हतं. एक कुठलीही संध्याकाळ होती. दूध आलं होतं म्हणून एक म्हातारा माणूस ते तापवत उभा होता, गुडघे दुखत असतील, वरून आईची जेवायची हाक आली असेल, आलो आलो म्हणाला असेल आणि आणखी अर्धा तास लावला असेल. तिला वाटलं होतं हे कळल्यावर रिकामं वाटेल. वाटलं ते भलतंच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा भूक लागल्याचं. सिग्नलपाशी बस थांबली. बाहेर एका दुकानाच्या काचेत रांगेने बरण्या होत्या, सगळ्या सारख्या उंचीच्या, सुतळी बांधलेल्या, आणि तिला आठवलं की बाबांची कुठलीच दोन चाकं सारखी नव्हती. पावसाळ्यातलं वेगळं, सुक्या चाऱ्यातलं वेगळं, ताप असताना केलेलं एक तर शिंपिणीने तोंड वाकडं करत करत संपवलं होतं, आणि वर सांगितलं होतं, काका, हे तुम्ही कण्हत कण्हत केलंय. म्हणजे ती माणसं खिडकीशी यायची ती उत्तम चीज मिळतं म्हणून नाही. त्यांना ते कोणाच्या हातून, कोणत्या दिवशी झालं हे ठाऊक असायचं, आणि स्वतःचाही हात त्याला लागलेला असायचा. बस हलली. तिने फोन काढून आधी दाढवाल्याला लावला.

शनिवारी दुपारी तिने गल्लीकडची खिडकी उघडली. बिजागऱ्या करकरल्या, आणि हिवाळ्यापासून खोलीत कोंडलेली हवा बाहेर गेली. दाढवाला दवाखाना बंद करून आला होता, शिट्टी सरावाच्या पोशाखातच, शिंपीण मानेवर टेप तसाच ठेवून. दूधवालीही आली, नुसती बघायला आले म्हणाली, आणि खिडकीबाहेर जरा लांब उभी राहिली. आत तिने चाक टेबलावर घेतलं. कापायच्या आधी सवयीने वाकून टकटक केलं, कान लावला. काही ऐकू आलं नाही. शिट्टी म्हणाला की आम्हालाही कधी आलं नाही; काका ऐकताना आम्ही आपले गंभीर चेहरे करून उभे राहायचो. सगळे हसले आणि त्या हसण्यातच तिने तार चाकावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबली. तार आधी अडली, मग एकदम आत गेली. दोन अर्धुकं बाजूला झाली. आतून ते जुन्या हस्तिदंतासारखं पिवळसर होतं, आणि चिरेपासून मध्यापर्यंत, वाट चुकलेल्या नदीसारखी, एक निळी शीर उतरली होती. बाबांच्या चीजमध्ये निळं कधी नसायचं. निळं दिसलं की ते ती बाजू कापून टाकायचे आणि दिवसभर घुश्शात असायचे. तिने सांगून टाकलं की हे माझ्यामुळे झालंय, मी पुसतच राहिले. दाढवाल्याने एक तुकडा उचलला, निळा होता तोच, आणि डोळे मिटून चावत राहिला, धंद्याने दातांचा असल्यामुळे इतका सावकाश की तिला श्वास रोखून उभं राहावं लागलं.

"जहाल आहे," तो अखेर म्हणाला. "काकांचं असं नसायचं." आणि त्याने हात पुढे केला. "अजून एक बघू."

मग तिनेही खाल्लं. आधी कडेचा, निळं नसलेला तुकडा. जिभेवर क्षणभर नुसतं मीठ, मग साय, मग सुक्या गवतासारखं काहीतरी, आणि मग ती चव, ती ओळखीची, रविवारी दुपारी खिडकीत बसून पावाबरोबर खाल्लेली. डोळ्यांत पाणी यायच्या आत ती गिळली गेली. नंतर निळा तुकडा. तो तिखट होता, नाकात चढला, शेवटी थोडा कडवटही. पण नासलेला नव्हता. त्यात बाबा कमी होते. ती सकाळची बादली होती त्यात, ते ओलं फडकं, इतक्या दिवसांचं सोडवत नव्हतं ते सगळं. वाईट लागत नव्हतं. शिंपीण म्हणाली की मला निळ्यातलं घरी न्यायला दे, सुनेला झेपतंय का बघते.

जिन्यावर चपला वाजल्या. आई चहाचा ट्रे घेऊन आली होती आणि उंबऱ्यापाशी आली तशी थांबली. ट्रे घ्यायला कोणी पुढे व्हावं म्हणून ती थांबली असेल. पण शिट्टीचे हात भरलेले होते, शिंपीण पुडी बांधत होती, आणि आई आत आली. टेबलावर जागा करून तिने ट्रे ठेवला. सगळ्यांचे आवाज जरा खाली गेले. दाढवाल्याने संकोचून बशी पुढे केली, घेणार नाही हे माहीत असताना करतात तशी, "काकू?" आईने बशीकडे पाहिलं, अर्ध्या चाकाकडे पाहिलं, मग दोन बोटांनी एक बारकासा तुकडा उचलून तोंडात टाकला. चावताना ती समोरच्या रिकाम्या फळ्यांकडे बघत होती.

"खारट आहे," आई म्हणाली. आणि दुसरा तुकडा उचलला.

तोही खाऊन झाल्यावर तिने खिडकीबाहेर मान काढली आणि दूधवालीला विचारलं, टँकर रोज सगळं नेतो की एखाद्या दिवशी थोडं मागे ठेवता येतं. ठेवता येईल की काकू, दूधवाली म्हणाली, किती आणू?

"थोडंच आण," आई म्हणाली. "हिच्या हातून पहिलं नासणारच आहे."

दाढवाला खिसे चाचपायला लागला. आरसा दवाखान्यातच राहिलाय म्हणाला, आणि शिट्टीने त्याला सांगितलं की आधी दूध तर येऊ दे. ती खिळ्यावरून ब्रश काढून त्यातलं कोळ्याचं जाळं सोडवत होती. आईने रिकामा ट्रे उचलला, सगळ्यांना चहा निवतोय म्हणून दटावलं आणि निघाली. जिन्याच्या तोंडाशी साबण आणि टॉवेल अजून होता, इतके महिने कोणी हलवला नव्हता. आई त्याच्यापाशी थांबली नाही. वळणावर, आपल्याला कोणी बघत नाही असं वाटून, तिने ट्रे काखेत धरला आणि मोकळ्या हाताची दोन बोटं नाकापाशी नेली. तशीच, नाकापाशी बोटं धरून, ती एकेक पायरी चढत वर गेली.